उमाकाकूंना ऐकू येणारा बेस

सोनपेठच्या बसस्टँडपासून दोन गल्ल्या आत मुंजाजीचं लेडीज टेलरचं दुकान आहे. मागं दोन खोल्यांचं घर, पुढं दुकान. दिवसभर ब्लाऊज आणि फॉल-पिको. लग्नसराई लागली की मात्र तो आठवड्यातले तीन-चार दिवस मशीन झाकून आदिनाथच्या ऑर्केस्ट्राबरोबर जातो आणि बेस गिटार वाजवतो.

तरुणपणी तो बँड पार्टीत बेंजो वाजवायचा. पुढं वरातीत डीजे आले, बँड पार्ट्या बसल्या आणि त्याचा बेंजो माळ्यावर गेला. चार वर्षं त्यानं कुठल्या तारेला हात लावला नाही. एक दिवस आदिनाथ बायकोचे ब्लाऊज न्यायला आला आणि तिथंच स्टुलावर बसून म्हणाला, "मुंजा, आमचा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस ओढायलाय, पण त्यात दम न्हाई. तू शिक की. तुझी बोटं तारंवर बसलेली हायेत."

आदिनाथच्या मेहुण्याकडं लातूरला एक बेस गिटार नुसती पडून होती. ती मागून आणली. मुंजाजी मोबाइलवर बघून बघून शिकला. चार जाड तारा, आणि आवाज असा की सुरुवातीला आदिनाथलाही कळेना, हा वाजवतोय की नाही. पण एकदा मानवतच्या हळदीत गाण्याच्या मधेच त्याची वायर निसटली, तर नाचणाऱ्या बायकांचे पाय अडखळले आणि त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या दिवशी आदिनाथनं त्याला जेवणाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं.

दोन वर्षांनी मेहुण्याचा फोन आला. त्याच्या पोरीला आता शिकायचं होतं, गिटार परत पाहिजे होती. मुंजाजीनं ती पुसूनपासून, नव्या तारा चढवून लातूरला पोचती केली. पुढच्या शनिवारी पोखर्णीला लग्नाचं काम धरलेलं होतं, आणि हातात वाद्य नव्हतं.

मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळताना त्याला परभणीची एक जाहिरात दिसली. बेस गिटार आणि तिचा शंभर वॅटचा अँप, स्पीकरसकट डबा, दोन्ही एकत्र. फोन लावला तर पलीकडं बंगळूरहून श्रीशैल नावाचा तरुण बोलला. "दादा, मी तीन वर्षं झाली इकडं नोकरीला आहे. घरी नुसतंच पडून आहे ते. कुणी वाजवणारा नेत असेल तर बरंच आहे. तुम्ही घरी जाऊन बघा, आवडलं तर घेऊन जा. अप्पांना सांगून ठेवतो."

मुंजाजी सकाळच्या गाडीनं परभणीला गेला. श्रीशैलच्या वडिलांचं, बसवंतरावांचं, हार्डवेअरचं दुकान होतं आणि वर घर. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात पांढरा शर्ट. ते त्याला माडीवरच्या मागच्या खोलीत घेऊन गेले.

"घ्या, बघा," ते म्हणाले. "आमाला त्यातलं काही कळत न्हाई. लेकराच्या कॉलेजातलं येड हाय."

गिटारीवर बोटभर धूळ होती. मुंजाजीनं ती उचलली, बुड खांद्याला टेकवलं आणि एक डोळा मिटून मानेवरून सरळ नजर टाकली, कापडाची कड बघावी तशी. मान पुढं बाकली होती. तीन उन्हाळे बंद खोलीत, ताणलेल्या तारांनिशी राहिल्यावर दुसरं काय होणार? तारांना गंज होता. आवाजाची खुंटी फिरवली की खरखरायची. पण लाकूड धडधाकट होतं, कुठं चीर नव्हती. अँपची जाळी काढून बघितली, आतला पंधरा इंची स्पीकर शाबूत होता.

"एक डाव वाजवून बघू का, अप्पा?"

"वाजवा की."

त्यानं वायर जोडली, अँप तापू दिला आणि सगळ्यात जाड तार हलकेच छेडली. खिडकीची काच थरथरली. मग त्यानं बोटांना सवयीची असलेली एक चाल धरली.

चार-पाच फेऱ्या झाल्या असतील. दारात एक बाई येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं भरलेले.

"शिरू? कधी आलास रे?" ती म्हणाली. आवाज एवढा मोठा की गल्लीत ऐकू जावा.

मुंजाजीचा हात जागच्या जागी थांबला. बाईनं त्याच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. तिच्या तोंडावरचा आनंद हळूहळू उतरला. बसवंतराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून बोलले, "शिरू न्हाई आला. हे सोनपेठचे. गिटार न्यायला आलेत."

मग मुंजाजीकडं वळून त्यांनी सांगितलं, "ही उमादेवी, आमच्या घरची मंडळी. शिरू दीड वर्षाचा असताना हिला ताप आला, त्यात कान गेले. ओठ बघून समजून घेते. कानाचं मशीन आणलं होतं, त्याचा काही उपयोग झाला न्हाई."

"मग वाजलेलं कसं कळलं त्यांना?" मुंजाजीनं विचारलं.

बसवंतरावांनी बायकोकडं बघितलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

उमादेवीनं त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखला होता. "ओट्यावर येतं," ती म्हणाली. "कडप्प्यावर हात असला की हातात येतं. भिंतीला पाठ लावली की पाठीत येतं. लेकरू वाजवायचं तवा मी भाकरी थापायची न्हाई, नुसता हात ठेवून उभी ऱ्हायची." मग ती म्हणाली, "थांबलात का? वाजवा की."

मुंजाजीनं वाजवलं. ती पिठाचे हात तसेच धरून, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभी राहिली. बसवंतराव गॅलरीत निघून गेले.

खाली उतरताना मुंजाजीनं वाद्य आणलंच नाही. "अप्पा, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "काकूंचं तेवढंच एक हाय घरात. मी बघतो दुसरं कुठं."

"अहो, पण शिरूनं शब्द दिलाय तुमाला."

"त्याला काय, मी सांगतो त्याला, आता नको म्हणून."

परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र तो बोटांवर दिवस मोजायला लागला. शनिवारला पाच दिवस राहिले होते. घरी दैवशालानं, त्याच्या बायकोनं, रिकामे हात बघून विचारलं. त्यानं सगळं सांगितल्यावर ती काजं करता करताच म्हणाली, "बरं केलंत. आदिनाथभाऊंना सांगा, न्हाई जमलं म्हणून."

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक रिक्षा थांबली. आधी उतरली ती खाकी कपड्यांतली कंडक्टर बाई. तिच्या मागं उमादेवी, खांद्यावर सोलापुरी चादरीत गुंडाळलेली गिटार.

"हेच ना मुंजाजी टेलर?" कंडक्टर बाईनं विचारलं. "मी बबिता, परभणीच्या गाडीवर असते. ह्या काकूंना ऐकू येत न्हाई, आणि बरोबर हा एवढा धोंडा. लगेजचं तिकीट फाडलं, पण यांना एकटं कसं सोडावं? गाडीला अर्धा तास हाय, म्हणलं पोचवूनच यावं." तिनं आणि रिक्षावाल्यानं मिळून अँप आत आणून ठेवला. मुंजाजीनं चहाचा आग्रह केला, तर ती पाणी पिऊन तशीच निघून गेली.

उमादेवी कटिंगच्या टेबलाशी बसली. मुंजाजी तिच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील असा बसला. "काकू, हे कशाला आणलं? अप्पांनी पाठवलं का?"

"न्हाई. ते म्हणले, ऱ्हाऊ दे घरात. शिरूबी फोनवर लिहून तेच म्हणला. तुमचा पत्ता तेवढा दिला त्यानं." ती थांबली. "पण घरात ठेवून मला काय येणार हातात? वाजवणारा पाहिजे ना. तीन वर्षांत परवा पहिल्यांदा आलं. तुमी परत गेलात, तवा मला कळलं की तुमच्यापाशीच असाय पाहिजे ते."

दैवशाला दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

"माझं एकच मागणं हाय," उमादेवी म्हणाली. "जवळपास कार्यक्रम असला की मला कळवत जा. मी येईन. अँपाजवळ एक खुर्ची टाकायची. दुसरं काही नको."

फोनवर ठरलेली किंमत मुंजाजीनं तिच्या हाती दिली आणि तिला संध्याकाळच्या गाडीत बसवून आला. मग तो कामाला लागला. जुन्या तारा काढल्या. आवाजाच्या खुंट्यांत साफ करायचा फवारा मारून त्या पन्नास-पन्नास वेळा फिरवल्या, तेव्हा खरखर गेली. मानेचं लाकूड कोरडं पडलं होतं, त्याला फडक्यानं तेलाचा पुसट हात दिला. मानेच्या आतली, ती सरळ धरणारी सळई आवळायला एलन की, म्हणजे सहाकोनी चावी, लागते. शिरूला ती वापरताना बघितलेलं, म्हणून उमादेवीनं ती नवऱ्याच्या दुकानातून न विचारताच आणली होती, चादरीच्या घडीत बारा मापांचा अख्खा जुडगा होता. मुंजाजीनं एका दिवशी पाव फेरा दिला, रात्रभर लाकडाला बसू दिलं, दुसऱ्या दिवशी परत पाव फेरा. घाई केली तर सळई तुटते. शुक्रवारी मान सरळ झाली. दैवशालानं जुनी गोधडी उसवून दिली, तिचं अस्तर लावून त्यानं गिटारीला जाड खोळ शिवली. वैशाखाचं ऊन, टेंपोत वाद्य उघडं ठेवलं तर दोन तासांत सूर सोडतं.

शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाकडच्या कार्यालयात लग्न होतं. साडेदहापासून लग्न लागेपर्यंत गाणी, असं ठरलेलं. उमादेवी दहालाच हजर. मुंजाजीनं अँपाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली. ती बसली आणि अँपच्या डोक्यावर उजवा तळवा ठेवला. पुढच्या ओळीतल्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. आदिनाथनंही विचारलं, "मुंजा, ह्या कोण?"

"गिटारीच्या मालकीणबाई," मुंजाजी म्हणाला.

पहिली चार गाणी झोकात झाली. मुंजाजीला आपल्याच वाद्यावर विश्वास बसेना. तार दाबायला जोर लागत नव्हता, आवाज गोल आणि भरीव येत होता. तो मधून उमादेवीकडं बघायचा. तिचे डोळे मिटलेले असायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरायची.

अकराला लाइट गेली. कार्यालयाचं जनरेटर सुरू झालं, पंखे परत फिरायला लागले आणि आदिनाथनं पाचवं गाणं धरलं. ते संपलं. पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि आदिनाथ पुढच्या गाण्याचं नाव सांगत होता, तेवढ्यात उमादेवी ताडकन उठली आणि तिनं अँपची पिन बोर्डातून ओढून काढली.

"अहो काकू!" आदिनाथ माइकवरच ओरडला. सगळं कार्यालय बघायला लागलं.

"याच्यात कायतरी शिरलंय," उमादेवी मोठ्यानं म्हणाली. "गाणं थांबलं तरी हे थांबत न्हाई. बारीक थरथरायलंय. मघा न्हवतं."

"मुंजा, पिन लाव आणि वाजव," आदिनाथ म्हणाला. "लोकं बघायलेत."

मुंजाजीनं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग त्यानं वाकून, अजून चालू असलेल्या कीबोर्डच्या पॉवर सप्लायच्या डबीवर हात ठेवला. त्याच्या तळव्याला आधी काहीच लागलं नाही. नीट दाबून धरल्यावर लागलं. आत माशी अडकल्यासारखी एक सलग गुणगुण. आणि डबी चटका बसावा इतकी गरम. तो सरळ स्टेजमागं गेला आणि स्टेजचा सगळा बोर्डच बंद केला.

आवाज गेला, माइक गेला. नवरीचे मामा मांडवातून ओरडत आले, "काय चाललंय? पैसे घेतलेत ना?" आदिनाथचा चेहरा लाल झाला होता. तो मुंजाजीच्या अंगावर धावून जाणार, एवढ्यात कार्यालयाच्या मागच्या बाजूला बायका किंचाळल्या. तिथल्या मोठ्या कूलरमधून काळा धूर निघत होता.

जनरेटर बंद केलं. लायटिंगवाल्यानं मीटर आणून तारा तपासल्या. जनरेटरची न्यूट्रल वायर बोल्टावर नुसती टेकवलेली होती, कुणी ती आवळलीच नव्हती. ती ढिली होत गेली तसा स्टेजच्या आणि कूलरच्या लाइनीवर दाब चढत गेला. वायर हलवून बघताना मीटरचा आकडा दोनशे तीसच्या जागी तीनशे व्होल्टच्या पार गेला.

"अजून पाच मिंट चालू ठेवलं असतं," लायटिंगवाला म्हणाला, "तर तुमचा कीबोर्ड, मिक्सर, अँप, सगळं गेलं असतं. आणि ह्यांच्या हातात लोखंडी माइक होता." त्यानं आदिनाथकडं बोट दाखवलं.

आदिनाथनं हातातला माइक खाली ठेवला. त्याच्या ऑर्केस्ट्राचं सगळं सामान त्या चौथऱ्यावर होतं, सहा घरं त्यावर चालत होती. तो उमादेवीपुढं गेला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. तिला हे काय चाललंय ते कळेना, ती मागं सरकून मुंजाजीकडं बघत राहिली. मुंजाजीनं तिच्यासमोर उभं राहून सावकाश सांगितलं, "काकू, तुमी आमाला वाचवलंत. सगळ्यांना."

"मी काय केलं?" ती म्हणाली. "हात ठेवला होता फक्त."

नवरीचे मामा ओशाळले होते. त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून तिला दिला. अर्ध्या तासानं वायर आवळून, मीटर लावून, जनरेटर परत सुरू झालं. आता मघाच्या त्या पोरी खुर्च्या ओढून उमादेवीच्या जवळ आल्या, आणि त्यांतल्या एकीनं विचारून अँपवर आपलाही हात ठेवून बघितला.

त्या दिवसापासून आदिनाथ कामाची तारीख धरली की पहिला मेसेज उमाकाकूंना करतो. गंगाखेड, पोखर्णी, राणीसावरगाव, दुपारचं काम असलं की त्या येतात. गाणी सुरू होण्याआधी प्रत्येक डब्यावर तळवा ठेवून फिरतात. मुंजाजीच्या अँपचा मागचा एक स्क्रू ढिला झालेला त्यांनाच आधी कळला.

श्रीशैलला पोखर्णीची हकिकत आणि काकूंचं भिंतीला पाठ लावून ऐकणं, दोन्ही मुंजाजीनं फोनवर सांगितलं.

"दादा, मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "आईला ऐकू जात नाही म्हणून मी कधी तिला वाजवून दाखवलं नाही. बोलावलंच नाही कधी. ती भिंतीपलीकडं उभी असायची?"

श्रावणात तो चार दिवसांची रजा काढून आला. आईला आणि अप्पांना घेऊन सोनपेठला दुकानात आला, तेव्हा मुंजाजीनं खोळीतून गिटार काढून त्याच्यापुढं धरली. "घेऊन जा परत," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "तुमची हाय. मी बघतो माझं."

श्रीशैलनं मानेवरून हात फिरवला, तारा दाबून बघितल्या. "मी दिली तेव्हा हिची मान वाकडी होती ना? एवढी चांगली तर ती माझ्याकडं कधीच नव्हती. नको दादा. तुमच्याकडंच राहू दे. मला फक्त आज थोडी वाजवू द्या."

कापडाचे गठ्ठे बाजूला सारून जागा केली. उमाकाकू अँपाशेजारी बसल्या. बसवंतराव दारात उभे होते, तेही आत आले आणि बायकोच्या बाजूला, जरा अवघडून, त्यांनीही एक हात अँपवर ठेवला.

"आई, कुठलं गाणं वाजवू?" श्रीशैलनं तिच्याकडं तोंड करून विचारलं.

"गाणं नको. ते सकाळचं वाजव, कॉलेजला जायच्या आधीचं. वर जायचं आणि खाली यायचं."

श्रीशैल गोंधळला. "अगं, तो सराव होता. नुसते सूर एकामागं एक. ते काय ऐकायचं?"

"मला तेच पाहिजे. वर जाताना नीट जायचास. खाली येताना तिसऱ्याला चुकायचास, आणि परत पहिल्यापासून धरायचास."

त्यानं डोळे पुसले आणि सुरुवात केली. सावकाश, एकेक सूर, वर. मग खाली. तीन वर्षांत बोटं जड झाली होती, तो खरोखरच अडखळला. उमाकाकू एवढ्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या किराणा दुकानातली माणसं डोकावून बघायला लागली. "चुकला!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बघा, चुकला!" बसवंतरावांनी मान हलवली. त्यांना चूक कळली नव्हती, पण हातात काहीतरी आलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

मुंजाजी मशीनवर बसून राहिला. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं खुणेनंच बसवलं.

निघताना श्रीशैलनं मुंजाजीचे दोन्ही हात धरले. "दादा, तुमचे उपकार."

"माझे कसले?" मुंजाजी म्हणाला. "वाद्य तुमचं, ते आणून दिलं काकूंनी, वाचवलंबी त्यांनीच. उपकार तर त्यांचे."

"न्हाई, तुमचे," उमाकाकू त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या.

दैवशाला आतून ट्रे घेऊन आली. "आता उपकार कुणाचे हायेत ते मागनं ठरवा," ती म्हणाली. "आधी चहा घ्या, गार व्हायलाय."